वाचकांचे प्रश्न : लस दिली, तरी टायटर खालीवर का?

प्रश्न : तलंगांना (अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) बर्ड फ्लूच्या एच५ प्रकारावरच्या तेलयुक्त लसीचे दोन डोस झाले. चार आठवड्यांनी २० रक्तनमुने तपासले. बहुतेकांचे एचआय टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचे माप; दुसरा आकडा मोठा तितकी प्रतिपिंडे जास्त) १:१२८च्या वर, पण चार पक्ष्यांचे १:१६पेक्षा कमी. लसच खराब होती का?

उत्तर : लस खराब असती तर सगळेच टायटर पडले असते. एकाच शेडमध्ये काही पक्षी उत्तम आणि काही जवळजवळ कोरे, याचा अर्थ बहुधा डोस त्यांच्या अंगात गेलाच नाही. मानेच्या खालच्या भागात कातडी चिमटीत उचलून, सुईचे टोक धडाकडे ठेवून टोचावे. सुई आरपार गेली की लस पिसांवर सांडते; टोचल्यावर बोट फिरवून पिसे तेलकट लागतात का पाहा. फ्रिजमधली थंड लस घट्ट असते आणि सिरिंजमध्ये पूर्ण भरत नाही. म्हणून बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मधूनमधून हलवत राहा. गोठलेली बाटली मात्र फेकूनच द्या. सुरुवातीला सिरिंजचे दहा ठोके मापपात्रात मारा, ०.५ मिलीच्या डोसाला ५ मिली भरले पाहिजेत. ५०० मिलीच्या बाटलीत हजार पक्षी होऊनही लस उरली, तर कुणाला तरी कमी गेली. बोथट सुईही घात करते, साधारण ५०० पक्ष्यांमागे बदला.

आणखी एक. १:३२ला मरतूक टळते, विषाणूचे उत्सर्जन कमी व्हायला १:१२८च्या वर लागते, असे धरतात. पण तपासणीत लसीतल्याच स्ट्रेनचे (विषाणूच्या उपप्रकाराचे) अँटिजेन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो विषाणूचा घटक, वापरले तर आकडे नेहमीच छान दिसतात. सध्या फिरणाऱ्या विषाणूचे अँटिजेन वापरायला प्रयोगशाळेला सांगा.

प्रश्न : लसीनंतरही विषाणू शोधायला स्वॅब (घशातले वा विष्ठामार्गातले नमुने) कशाला?

उत्तर : लस मरतूक थांबवते, संसर्ग दर वेळी नाही. वरून निरोगी दिसणारा कळप विषाणू सोडत राहू शकतो, आणि आयातदार देश अडून बसतात ते यावरच. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३पासून बदकांना लस सुरू केली, तेव्हा पाळतही सोबत ठेवली. संपूर्ण विषाणूच्या निष्क्रिय लसीनंतर नेहमीची एनपी एलायझा (विषाणूच्या एनपी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्हच येते, म्हणजे ती लसीमुळे की संसर्गामुळे हे कळत नाही. त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांचे स्वॅब पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) पाठवा आणि लस न दिलेले, खूण केलेले काही पक्षी शेडमध्ये ठेवा; विषाणू शिरला तर तो त्यांच्यात दिसतो.

प्रश्न : ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबड्यांना) लस कशी द्यावी?

उत्तर : पाच-सहा आठवड्यांच्या पक्ष्याला एकेक पकडून टोचणे परवडत नाही. मातेकडून आलेली प्रतिपिंडेही आड येतात. हॅचरीत पहिल्याच दिवशी एचव्हीटी-एच५ (टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूत एच५चा जनुक घातलेली लस) देणे सोयीचे, पण तिचीही प्रतिकारशक्ती भरायला तिसरा-चौथा आठवडा उजाडतो.