पहिल्या दिवशी थांबता यायला हवं

प्रश्न : माझं वय ४६. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम असतं. गेल्या दीड वर्षात घरी व्यायाम सुरू करायचा तीनदा प्रयत्न केला. दर वेळी व्हिडिओ लावून पाऊण तास करते, तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. मग खंड पडतो तो पडतोच. उठता-बसता गुडघेही कटकट वाजतात, त्याची भीती वाटते. साधनं काही नाहीत, जागा एका सतरंजीपुरती. सुरुवात नेमकी कुठून करू? – एक वाचक

उत्तर : तीनदा सुरुवात केलीत, म्हणजे इच्छा भरपूर आहे. घोळ त्या 'पाऊण तासा'त आहे. मी एकवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि तरीही दुसऱ्या बाळंतपणानंतर हीच चूक माझ्या हातून झाली. दोन वर्षांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी साठ बैठका काढल्या. त्या दिवशी छान वाटलं. तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन खुर्चीतून उठता येईना. त्याला कुणाच्या तरी हातात देऊन, दोन्ही हात टेकून उठावं लागलं.

असं का होतं ते सांगते. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम ताण आला की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ते दुखणं उशिरा येतं. साधारण २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं. म्हणून व्यायाम करताना 'मला जमतंय' असं वाटतं त्यावर पहिले काही दिवस विसंबू नका. संपवताना 'अजून थोडं करता आलं असतं' असं वाटलं पाहिजे. तिथेच थांबायचं.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, फक्त दहा मिनिटं. आधी तीन मिनिटं जागच्या जागी चाला, हात मोकळे हलू द्या. मग न घसरणारी, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती थोडी पुढे झुकवून उठा. बसताना मात्र मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली या. धप्पकन बसू नका, कारण सावकाश खाली येण्यातच मांडीचं खरं काम होतं. गुडघे आत वळत असतील तर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा. आठ वेळा पुरे. जड गेलं तर खुर्चीत उशी ठेवून बैठक उंच करा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या मते घरी करायचा एकच व्यायाम निवडायचा झाला, तर हा निवडावा. दिवसभर आपण बसतो-उठतो, पण ते बहुतेक हातांच्या जोरावर.

त्यानंतर भिंतीवरचे जोर आठ : भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, अंग सरळ ठेवून. मग पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, तीही आठ वेळा. शेवटी भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, दहा वेळा. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. करता करता एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात हेच सगळं दोनदा करा. पुढे वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा, एक तर संख्या, नाही तर दिवस. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ सुधारल्यामुळे. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडर मजबूत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. घाई नको ती यासाठी.

गुडघ्यांबद्दल : नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि सूज नसेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. दुखणं, सूज, गुडघा अडकणं किंवा पाय एकदम दगा देणं यातलं काही असेल, तर आधी तपासून घ्या. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तरी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीतलं दुखणं थांबलं नाही, तर वाट न पाहता तातडीची मदत बोलवा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. आकडा ऐकून दचकू नका. 'एका वेळी किमान दहा मिनिटं' ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात राहिली नाही. कामातून उठून चार मिनिटं चाललात, तर तीही मोजली जातात.

आता खंड पडण्याचं. लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. तुमचा एक दिवस बुडाला, तर पुढच्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. मी बघते, माणसं त्या भरपाईतच पुन्हा दुखावतात. ठरलेलं तेवढंच करा. वेळही एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडून घ्या, जसं दात घासून झाले की लगेच सतरंजी.

सुरू करण्यापूर्वी एक करा. हात छातीवर आडवे घेऊन, दम न कोंडता, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. पुढचं वेळापत्रक त्यावरून आखून देते.