म्हाताऱ्याचा प्रसंग कापू नकोस

प्रिय मुली,

तुझं ‘हरीण-राजा’चं रूपांतर दोनदा वाचलं. भाषा छान उतरली आहे. पण म्हाताऱ्याचा प्रसंग तू कापलास आणि समासात लिहिलंस, ‘लहान मुलांना मरण नको.’ मला वाटतं, नाटकाचा जीव त्याच प्रसंगात आहे.

कार्लो गोत्झीचं हे नाटक १७६२ साली व्हेनिसच्या सान सामुएले नाट्यगृहात अंतोनियो साक्कीच्या नाटक मंडळीने केलं. मुखवटे घालून, आयत्या वेळी सुचेल ते बोलून हसवणारी ती मंडळी. गोत्झीने त्यांच्याच हाती परीकथा दिली. राजा देरामो विश्वासाने प्रधान तार्तालियाला परकायाप्रवेशाचा मंत्र सांगतो. जंगलात तो मेलेल्या हरणाच्या देहात शिरतो आणि प्रधान राजाचा देह बळकावतो. शेवटी राजाच्या वाट्याला येतो एका मेलेल्या म्हाताऱ्याचा देह. तशा रूपात तो आपल्या राणीसमोर, आंजेलासमोर उभा राहतो, आणि ती त्याला ओळखते. म्हातारा गाळलास तर ती ओळखणार कोणाला?

त्याला विंगेत मरू दे. रक्त नको, किंकाळी नको. रंगमंचावर फक्त त्याची काठी येऊन पडू दे. पुढे राजा तीच काठी टेकत येईल.

देह बदलला तरी माणूस तोच, हे मुलांना मंत्राने कळत नाही, सवयीने कळतं. मी हे नाटक केलं तेव्हा आमचा राजा विचारात पडला की बोटातल्या अंगठीवरून अंगठा फिरवायचा. हरणाचं काम करणारा मुलगा पुढचा खूर तसाच हलके घासायचा. म्हाताऱ्याच्या बोटात अंगठी नव्हती, तरी अंगठा फिरायचा. एका प्रयोगाला पुढच्या रांगेतली चिमुरडी उभी राहून आंजेलाला ओरडली, “अगं, तोच आहे तो!” आंजेलाने ओळखायच्या आधी. असं एखादं लकबीचं काम तिन्ही नटांना मिळून शोधायला लाव. त्यासाठी तालमीचे चार दिवस गेले तरी चालतील.

खोटं ऐकलं की हसणारा पुतळा तुला उत्तम जमलाय. हसण्याआधी तो क्षणभर थांबू दे, बस.

एक मात्र काढच, प्रधानाचं अडखळत बोलणं. तार्तालिया मुळात अडखळत बोलणारं पात्र, नावाचा अर्थच तो. मीही त्यावर भरपूर हशे काढले. प्रयोगानंतर एक मुलगा मुखवटा बघायला आत आला. प्रधानाचं नाव घेताना पहिल्याच ‘ता’वर अडकला, आईकडे बघितलं आणि गप्प झाला. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रधान दुष्ट आहे तो हावेमुळे. राजाच्या देहात शिरल्यावर तो आंजेलाचा हात कसा खसकन ओढतो, ते दाखव. तिला संशय यायला तेवढं पुरे.

शनिवारी तालमीला येतो. आमच्या प्रयोगातली काठी अजून माळ्यावर आहे, ती घेऊन येईन.

तुझा,
काका