बा. भ. बोरकर नेमके कोणाचे, मराठीचे की कोंकणीचे? वाचायला सुरुवात कुठून करावी?

बाकीबाब, म्हणजे गोव्याचे कवी बोरकर, दोन्ही भाषांचे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे नव्हे, दोन्हीकडे पुरते. हा वाद मी लहानपणापासून घरातच ऐकत आले, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आमचे घर फोंडा तालुक्यातले. 1910 साली जन्मलेल्या बाकीबाबांचे जुवारी नदीकाठचे बोरी गाव आमच्यापासून फार लांब नाही. घरात बोलणे कोंकणी, आरती मराठी, पत्रव्यवहार मराठी. इथल्या बहुतेक हिंदू घरांत हेच चालत आले आहे. माझे थोरले काका कट्टर मराठीवादी. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्यांनी फुलासाठी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून, गावोगाव पायपीट केली होती. कोंकणी ही मराठीचीच बोली, हा विलीनीकरणवाद्यांचा मुख्य मुद्दा. आणि बाकीबाब तर तिला स्वतंत्र भाषा मानणारे. मराठीतला एवढा मोठा कवीच असे म्हणू लागला, हे काकांना फितुरीसारखे लागले. कौल विरुद्ध गेल्यावर बोरकरांची सगळी पुस्तके कपाटातून निघाली आणि पोत्यात बांधून मांगरात, म्हणजे बाहेरच्या खोपटात, गेली.

पुढे कितीतरी वर्षांनी शाळेच्या संमेलनासाठी मी ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ पाठ करत होते. काका बाहेर आले आणि म्हणाले, "बाये, ह्या मनशाचें नांव म्हज्या घरांत नाका." कोंकणीत म्हणाले! त्या दिवशी मी रडले, पण कविता बदलली नाही. त्यावरून आमचे जे बिनसले ते कधी नीट सांधलेच नाही.

काका गेल्यावर मांगर झाडताना ते पोते निघाले. ‘दूधसागर’ची एक बाजू वाळवीने खाल्लेली. आत बहुतेक प्रत्येक पानावर काकांच्या पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, म्हणताना श्वास कुठे घ्यायचा ते दाखवणाऱ्या. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात एक अख्खी कोंकणी कविता उतरवलेली आणि खाली साल घातलेले, 1962. कौलाच्या आधी हा माणूस बोरकर गुणगुणत होता, दोन्ही भाषांतले! मला याचा राग अजूनही येतो. राजकारणात हरलात म्हणून कविता पोत्यात बांधायची?

कोंकणीसाठी बोरकरांनी मराठी सोडली, असे काका म्हणत, आणि त्यांच्यासारखे आजही पुष्कळ जण म्हणतात. हे साफ खोटे आहे. मराठी ‘चित्रवीणा’ आणि कोंकणी ‘पांयजणां’ दोन्ही 1960 चे. 1981 मध्ये ‘सासाय’ या कोंकणी संग्रहाला साहित्य अकादमी मिळाली आणि त्याच सुमारास मराठीत ‘कांचनसंध्या’ आला. 1984 मध्ये ते गेले तोवर दोन्ही हात लिहिते होते. एकटे तेच असे होते असेही नाही. शंकर रामाणी, लक्ष्मणराव सरदेसाई हे गोव्यातले लेखकही दोन्ही भाषांत लिहीत. गोव्यात ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती, नवल ते कौलानंतर वाटू लागले.

सुरुवात ‘चांदणवेल’पासून करा, त्यात निवडक कविता आहेत. मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. ज्ञानेश्वरी आणि भा. रा. तांबे त्यांच्या कानात मुरलेले होते. ‘सरीवर सरी’ नुसते डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यातला पाऊस लागणारच नाही. गद्य हवे असेल तर ‘भावीण’ ही कादंबरी घ्या. आणि मग ‘सासाय’ घ्याच. देवनागरीत आहे, मराठी वाचकाला पहिली दहा पाने अडखळायला होईल, पुढे नाही. घरात कोणी काका ‘हे आपले नव्हे’ म्हणाले तर त्यांच्यासमोर बसून वाचा.

एक सांगायचे राहिले. मराठीवाद्यांचे सगळेच चुकले असे मी म्हणत नाही. पोर्तुगीज अमलात खाजगी मराठी शाळांनी आणि देवळातल्या कीर्तनांनी आम्हाला वाचते ठेवले, ते ऋण माझ्या काकांच्या पिढीला ठाऊक होते आणि मलाही आहे. शिवाय हे सगळे मी देवनागरी वाचणाऱ्या हिंदू घरातून लिहिते आहे. रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोंकणी लिहिणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची या वादाकडे पाहण्याची नजर वेगळी आहे. ती त्यांच्याचकडून ऐका.