निवासी संस्था की चार पालकांनी मिळून घेतलेला फ्लॅट?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा २९ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. तुम्ही दोघंही साठीच्या पुढे, लेक लग्न होऊन पुण्याला. मुलाचं नाव पन्नास-साठ जणांच्या निवासी संस्थेत घालायचं, की ओळखीच्या चार पालकांनी मिळून फ्लॅट घ्यायचा, मदतनीस ठेवायचे आणि मुलांना एकत्र राहू द्यायचं? परदेशात तर मोठ्या संस्था बंदच केल्या म्हणतात, मग संशोधन काय सांगतं?

मी आधी विशेष शाळेत आणि नंतर प्रौढांच्या कार्यशाळेत काम केलं. माझा कल फ्लॅटकडे आहे. पण फ्लॅट घेतला की प्रश्न सुटला, असं संशोधन अजिबात म्हणत नाही.

सुरुवात लंडनपासून करते. १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी फाउंटन हॉस्पिटलच्या वॉर्डातली १६ बौद्धिक दिव्यांग मुलं ब्रुकलँड्स नावाच्या घरात हलवली. तिथे मुलांचे छोटे गट, प्रत्येक गटाला ठरलेली माणसं आणि भरपूर खेळ. त्याच क्षमतेची दुसरी १६ मुलं तुलनेसाठी वॉर्डातच राहिली. दोन वर्षांनी घरातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेलेली होती. औषध नवं नव्हतं, दिवस कसा जातो एवढंच बदललं होतं.

दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्टचा. बौद्धिक दिव्यांगांची १९०८ पासूनची ही अवाढव्य सरकारी संस्था. न्यायालयाच्या आदेशाने तिथली माणसं वस्तीतल्या छोट्या घरांत गेली आणि १९८७ मध्ये संस्था बंद झाली. हजाराहून जास्त रहिवाशांचा माग संशोधकांनी वर्षानुवर्षं ठेवला. बाहेर पडलेल्यांची स्वतःचं स्वतः करण्याची कौशल्यं मागे राहिलेल्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाढली. शिवाय, हलवण्याआधी बहुसंख्य कुटुंबांचा कडाडून विरोध होता आणि हलवल्यानंतर त्यातल्याच बहुतेकांचं मत फिरलं. तुम्हाला आज वाटते ती धाकधूक त्या आईबापांनाही वाटली होती.

आता दुसरी बाजू. टिझार्ड यांच्या नावाने केंट विद्यापीठात एक केंद्र आहे. तिथले जिम मॅन्सेल आणि त्यांचे सहकारी अशा छोट्या घरांत जाऊन चक्क बसून निरीक्षण करत: या तासात माणूस स्वतः काय करतोय, त्याला हातभार कोण लावतंय? घराघरांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. काही छोटी घरं चांगल्या संस्थेपेक्षाही वाईट. रहिवासी सोफ्यावर, टीव्ही चालू आणि सगळं काम कर्मचाऱ्यांच्या हाती. त्रासदायक वागणूकही नुसत्या जागाबदलाने फारशी कमी होत नाही. शेजाऱ्यांशी मैत्री तर फारच थोड्यांची होते. ओळखी राहतात त्या घरचे, कर्मचारी आणि बरोबरचे रहिवासी एवढ्यांशीच.

जिथे फरक पडला तिथे कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट नीट शिकवलेली होती: काम त्याच्यासाठी करायचं नाही, त्याच्याबरोबर करायचं. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, त्याला जमेल तो तुकडा त्याने करायचा, अडेल तिथेच हात द्यायचा. ज्यांना फार आधार लागतो त्यांच्याबाबतीतही हे चालतं. आपल्याकडे तर घरात अशी कामं ढिगाने पडलेली असतात: लसूण सोलणं, पोळ्यांना तूप लावणं, दूध आणणं. (आणि ती त्याला करू न देणारी बहुतेक वेळा आईच असते. रागावू नका.)

म्हणून ती संस्था बघायला जाल तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला जा, न कळवता. सकाळी कार्यशाळा चालू असते, सगळं छान दिसतं. चार ते जेवण या वेळात कोण काय करतंय ते बघा. कपाट स्वतःचं आहे का, त्याला कुलूप आहे का, स्वयंपाकघरात रहिवाशांना जाऊ देतात का, हे विचारा. फ्लॅटलाही हीच परीक्षा लावा. संस्था मोठी असून यात पास झाली, तर ती नुसत्या आकड्यावरून बाद करू नका. शेती, गोठा असलेल्या, गावासारख्या वसाहतींचे काही निष्कर्ष चांगले आले आहेत, विशेषतः कमी आधार लागणाऱ्यांसाठी.

तब्येतीकडे मात्र छोट्या घरात जास्तच लक्ष द्यावं लागेल. इंग्लंडमध्ये २०१३ साली आलेल्या एका चौकशीत बौद्धिक दिव्यांग पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ आणि स्त्रिया २० वर्षं लवकर जातात असं आढळलं. निदान आणि उपचार उशिरा होणं हे त्यातलं मोठं कारण. तुमच्या मुलाची थायरॉइड, कान आणि डोळ्यांची तपासणी नियमित हवी. डाऊन सिंड्रोममध्ये चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशही लवकर सुरू होऊ शकतो, मदतनिसांना ते माहीत असायला हवं.

एक गोष्ट विसरू नका: हे सगळे अभ्यास सरकार पगार देतं त्या देशांतले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केलाय, पण मदतनिसाचा पगार पालकांनाच द्यायचाय. चारांतल्या एका पालकाने अंग काढून घेतलं तर काय, हे फ्लॅट घेण्याआधी कागदावर यायला हवं. त्यासाठी नोंदणीकृत ट्रस्ट करा. पालकांनी मिळून उभ्या केलेल्या बदलापूरच्या 'आधार'ला आणि डोंबिवलीजवळच्या खोणीतल्या 'घरकुल'ला भेट देऊन या, त्यांनी या अडचणींतून वाट काढलेली आहे.

तोवर दोन कामं उरकून घ्या. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट ही अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या समितीकडे, पालकत्वाचा अर्ज करा. त्यांचा निरामय हा आरोग्य विमाही तिथूनच समजून घ्या, एक लाखापर्यंतचा आहे. दुसरं, मिस्टर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत असं तुम्ही लिहिलंय. अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी मुलाची नोंद पेन्शनच्या कागदांत आहे का, ते त्यांच्या हयातीतच बघा.

बाकीच्या तीन मुलांना आधार किती लागतो? रात्री कुणाला फिट येते का? ते लिहा, म्हणजे मदतनीस किती लागतील याचा अंदाज सांगता येईल.