‘धनुर्वात’मधला वात कोणता आणि ‘दातखीळ’मधली खीळ कोणती?

एका वाचकाने विचारले आहे की ‘धनुर्वात’मधला वात ‘संधिवाता’तलाच आहे का, आणि गंजका खिळा लागल्याने हा रोग होतो म्हणून त्याला ‘दातखीळ’ म्हणू लागले का. वात तोच आहे. खिळ्याचा मात्र या नावाशी संबंध नाही.

आयुर्वेदातला वात म्हणजे नुसता वारा नव्हे. ‘वा’ या धातूत वाहण्याचा, गतीचा अर्थ आहे आणि शरीरातली प्रत्येक हालचाल वाताच्या अधीन मानलेली आहे. म्हणून सांधे आखडले की संधिवात, अर्धे अंग लुळे पडले की अर्धांगवायू, तापात माणूस बरळू लागला की ‘वात झाला’. या सगळ्यांची कारणे आज निरनिराळी ठरली आहेत, पण हा शब्द आजच्या अर्थाने कारण सांगत नाही. वात बिघडला आणि हालचालीवरचा ताबा सुटला, असे तो सांगतो. पूर्वपद ‘धनुस्’ असल्यामुळे विसर्गसंधीने ‘धनुर्धर’, ‘धनुर्विद्या’ यांप्रमाणे ‘धनुर्वात’ होते. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘धनुःस्तंभ’ येतो आणि त्याचे लक्षण शरीर धनुष्यासारखे वाकणे हेच दिले आहे. तेलुगूत ‘धनुर्वातम्’, कन्नडमध्ये ‘धनुर्वायू’ असे आपल्याच शब्दाचे भाऊबंद आहेत.

ही उपमा किती अचूक आहे ते चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८०९ साली, स्पेनमधल्या करुन्याच्या लढाईत जखमी झालेले सैनिक पाहून, काढलेल्या चित्रात दिसते. रुग्णाचे डोके आणि टाचा तेवढ्या खाली टेकलेल्या आहेत आणि मधली पाठ कमानीसारखी वर उचललेली आहे. सगळेच स्नायू एकदम आवळले जातात, पण पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट असल्यामुळे अंग मागे वाकते. दार आपटल्याच्या आवाजानेही नवा झटका येतो, आणि रुग्ण या साऱ्यात पूर्ण शुद्धीवर असतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस, तर हिंदीत आणि बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. हिंदीतून माहिती घेणाऱ्याची या रोगाबाबत हमखास गफलत होते, कारण आखडतात स्नायू, पण बिघाड असतो मज्जासंस्थेत. मातीत आणि जनावरांच्या शेणात राहणारा क्लॉस्ट्रिडियम टेटनी हा जंतू खोल जखमेत, जेथे हवा पोचत नाही, तेथे वाढतो. तो स्वतः जखमेतच राहतो. त्याचे विष मात्र मज्जातंतूंच्या टोकांत शिरून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढते. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि मागच्याला सैल पडू देणारा निरोप मज्जारज्जूतच दिला जातो. हा आवर घालणारा निरोप ज्या रसायनांनी जातो, ती बाहेर सोडण्यासाठी सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचे प्रथिन लागते, आणि विष नेमके तेच कापते. म्हणजे स्नायूंना जास्तीचा जोर मिळालेला नसतो, त्यांना थांबवणारे कोणी उरलेले नसते.

‘टिटॅनस’ हा शब्दही आपल्याला वाटतो तितका परका नाही. ग्रीक ‘टेटानोस’ म्हणजे ताण, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘तन्’ धातूशी सख्खे आहे. ताण, तान, तंतू हे शब्द त्याच कुळातले. आयुर्वेदात याच रोगवर्गासाठी येणारा ‘अपतानक’ही त्यातलाच. इतकेच काय, ‘आततायी’चा मूळ अर्थ धनुष्य ताणून चालून येणारा असा आहे. हे नाते मला प्रथम कळले तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला ते सांगत होतो.

आता ‘दातखीळ’. यातली ‘खीळ’ संस्कृत ‘कील’वरून आली आहे. दाराला अडसर बसतो, कामाला खीळ बसते, तशीच दातांना बसते. जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट आखूड असल्याने बहुधा तोच आधी आवळला जातो, म्हणजे ‘दातखीळ’ हे आरंभीच्या लक्षणाचे नाव झाले आणि ‘धनुर्वात’ पुढच्या अवस्थेचे. ‘बोल की, दातखीळ बसली का?’ असे गप्प बसलेल्या पोराला विचारणाऱ्या आईच्या तोंडी या रोगाचीच आठवण आहे. गंजाने मात्र तो होत नाही; गंजक्या खिळ्याला लागलेली माती आणि त्याने पडणारी अरुंद, खोल जखम यांमुळे होतो.

धनुर्वाताच्या जंतूचा एक भाऊबंद बोटुलिझम नावाची, बहुधा अन्नातून होणारी विषबाधा घडवतो, जिला मराठीत रूढ नाव नाही. लॅटिन ‘बोटुलस’ म्हणजे मांस भरलेले आतडे, सॉसेज. युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने १८२०च्या सुमारास वुर्टेम्बर्गमध्ये सॉसेजच्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. त्या विषाचा ‘बी’ प्रकार धनुर्वाताच्या विषाप्रमाणेच सिनॅप्टोब्रेव्हिन कापतो, आणि तेही त्याच जागी! पण तो मज्जारज्जूकडे न जाता स्नायूच्या दारातच थांबून आखडण्याचा निरोप अडवतो, त्यामुळे अंग ताठण्याऐवजी लुळे पडते. धनुष्य वाकण्याऐवजी दोरीच सुटते. म्हणून बोटुलिझमला कोणी ‘वात’ जोडून नवे नाव सुचवलेच, तर त्यात ‘धनुस्’ नसावे.

‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ हा प्रयोग चुकीचा आहे, असेही काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. ‘खोकल्याचे औषध’, ‘डोकेदुखीची गोळी’ यांतली षष्ठी जशी चालते, तशीच ही. लेखी मजकुरात ‘धनुर्वातप्रतिबंधक लस’ लिहावे, दवाखान्यात खुशाल ‘धनुर्वाताचे’ मागावे.