उत्तर माहीत असेल तर प्रश्न विचारू नका

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्षभरापासून माझ्या पर्समधले पैसे कमी होतात, दप्तरात दुसऱ्यांच्या वस्तू सापडतात. परवा एक पट्टी सापडली, तिच्यावर करकटकाने कोरलेलं दुसऱ्याच मुलाचं नाव. "ही कुणाची?" विचारलं, तर म्हणतो, "माझीच." बाबांनी मारलं, तरी कबूल झाला नाही. घरात सगळे म्हणतात, चोर तर चोर, वर शिरजोर. याचं पुढे कसं होणार?
– एक आई

तुमची काळजी समजते. पण आधी त्या पट्टीबद्दल बोलू. नाव तुम्ही वाचलं होतं. मग "ही कुणाची?" कशासाठी? त्या क्षणी त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, मार खाणं किंवा खोटं बोलणं. नऊ वर्षांचं पोर दुसरं काय निवडणार? आधी एक चूक होती, तुमच्या प्रश्नाने दोन झाल्या.

त्याऐवजी सरळ सांगा, "ही पट्टी तुझी नाही. उद्या आपण परत करू." उलटतपासणी नको. दुसऱ्या दिवशी सोबत जा, पण बोलू दे त्यालाच: "मी न विचारता घेतली होती." एवढंच पुरे. वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावू नका, त्यातून फक्त अपमान लक्षात राहतो. पर्समधले पैसेही त्यानेच फेडायचे, खाऊच्या पैशांतून किंवा घरातलं जास्तीचं काम करून. आणि फिटले की विषय संपला. पुढच्या भांडणात तो उकरून काढायचा नाही. (हे मोठ्यांनाच जास्त जड जातं.)

माराबद्दल. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठीमागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही, असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर जायचं. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी बघितलंच! पण जिथे छडी चालायची, तिथली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते सफाईने निभावूनही नेलं. धाकाने चोरी सुटेल न सुटेल, खोटं मात्र तयारीचं होतं.

आता पत्रात नसलेली गोष्ट. ते पैसे जातात कुठे? त्याने स्वतःसाठी काही घेतलं, की मित्रांवर उडवले? या वयात कितीतरी मुलं खेळात घ्यावं म्हणून वस्तू वाटत सुटतात. कुणी धमकावून मागत असेल, तर प्रश्नच वेगळा. हे रागाच्या भरात विचारू नका. झोपायच्या आधी, दिवा मालवल्यावर, शेजारी पडून विचारा. तोंडाकडे बघावं लागत नाही तेव्हा मुलं बोलतात, हा माझा स्वतःच्या पोरांचा अनुभव.

'चोर' हा शब्द घरातून आजच हद्दपार करा. पर्स उघड्यावर ठेवू नका, आणि पारख करायला मुद्दाम तर मुळीच नको. दर आठवड्याला थोडे पैसे त्याच्या हक्काचे म्हणून द्या.

हे करूनही काही महिन्यांत फरक दिसला नाही, किंवा सोबत मारामाऱ्या, प्राण्यांना इजा, आग लावणं, घरातून पळून जाणं असं काही असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि हे उत्तर त्याच्या बाबांनाही वाचायला द्या.