कोड दिला आणि अकाउंट गेलं!

प्रश्न: मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज आला, 'अगं चुकून तुझ्या नंबरवर 6 आकडी कोड गेलाय, पटकन पाठव ना'. मी कामाच्या घाईत पाठवून दिला आणि दोन मिनिटांत माझंच व्हॉट्सअ‍ॅप बंद. आता माझ्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागतायत. काय करू?

उत्तर: आधी एक सांगते, तो मेसेज मैत्रिणीने केलेलाच नव्हता, तिचंही अकाउंट असंच गेलेलं असणार. आत्ता लगेच अ‍ॅपमध्ये परत तुमचाच नंबर टाका, एसएमएसने नवा कोड येईल, तो भरला की समोरचा आपोआप बाहेर फेकला जातो. पण त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर मात्र तुम्हाला 7 दिवस थांबावं लागेल, वैताग आहे पण तोपर्यंत तोही आत येऊ शकत नाही. तेवढ्यात सगळ्यांना फोन करून सांगा, लाजू नका हो, चांगले शिकलेले लोक फसतात यात.

अकाउंट परत मिळालं की सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन (एसएमएसच्या कोडशिवाय तुमचा स्वतःचा पिनही विचारणारं जादा कुलूप) चालू करा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉगआउट. पिन म्हणून जन्मतारीख नको, ती तुमच्या वाढदिवसाच्या फोटोंवरून कुणालाही कळते! फेसबुक-इन्स्टाला पासवर्ड एकच असेल तर तोही आजच बदला.